मॉडेलचं माप इंजिनात गेल्यावर बिघडतं तेव्हा: आधी मोजा, मग भागाकार करा

चाळीतल्या खोलीचा दरवाजा ८४ मीटर उंच निघाला, म्हणजे जवळपास मुंबईच्या राजाबाई टॉवरएवढा.

सार्वजनिक नळावर पाणी भरण्याचा एक छोटा गेम आम्ही करत होतो. त्यासाठी चाळीची इमारत एका आर्किटेक्ट मित्राने काढून दिली होती. फाइल ओबीजे होती. ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि एन दाबल्यावर बाजूला येणाऱ्या पॅनेलमधल्या डायमेन्शन्समध्ये पाहिलं तर हा आकडा. टीममधल्या एकाने लगेच सगळं निवडून स्केल ०.०२ केलं, मग ०.०३, मग ०.०२५, नजरेला बरं वाटेपर्यंत. त्याला मी मध्येच थांबवलं, कारण ८४ हा आकडा ओळखीचा होता. कुठल्याही सुताराला विचारा, ८४ इंच म्हणजे सात फूट, दरवाज्याचं नेहमीचं माप. इमारत इंचात काढली होती, ब्लेंडरने तेच आकडे मीटर समजून वाचले. मग स्केल ०.०२५४ केलं, दरवाजा २.१३ मीटर झाला आणि इमारतीतला जिना, कठडा, खिडक्या सगळं एका फटक्यात जागेवर आलं. ०.०२५ ठेवलं असतं तर दरवाजा फक्त साडेतीन सेंटीमीटरने चुकला असता आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ३० मीटर लांबीची चाळ अर्ध्या मीटरने आखूड झाली असती, आणि नेमक्या मापाने केलेला गॅलरीचा दुसरा तुकडा तिला कधीच जुळला नसता.

स्केलच्या तक्रारी मी गेली काही वर्षं सोडवतो आहे, माझ्या आणि इतरांच्याही. माझं ठाम मत असं की स्केल कधीच वाटेल तसं चुकत नाही. दोन सॉफ्टवेअरांच्या एककांत जेवढा फरक आहे, नेमकं तेवढ्याच पटीने ते चुकतं. म्हणून आकडे फिरवत बसू नका. वस्तू खरी किती असायला हवी ते ठरवा, इंजिनात किती भरते ते मोजा आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. जो भागाकार येईल तोच दोषी कोण ते सांगतो.

भागाकार १०० किंवा ०.०१ आला तर मीटर आणि सेंटीमीटरचा घोळ आहे. १००० किंवा ०.००१ आला तर मीटर आणि मिलिमीटरचा घोळ आहे; १००० असेल तर फाइल मिलिमीटरमध्ये काढलेली आहे, म्हणजे बहुधा ती एखाद्या कॅड सॉफ्टवेअरमधून आली. १० आला तर मिलिमीटरची फाइल सेंटीमीटरच्या इंजिनात गेली. ३९.३७ म्हणजे इंच मीटर समजून वाचले, २.५४ किंवा ०.३९ म्हणजे इंच आणि सेंटीमीटरची गल्लत, ३.२८ म्हणजे फूट. फूट-इंचाची गल्लत आपल्याकडे सतत होते. घरं चौरस फुटांत विकली जातात, सुतार इंच आणि सुतात बोलतो, आर्किटेक्टचा नकाशा कधी मिलिमीटरमध्ये तर कधी फुटांत असतो आणि गेम इंजिन मीटर नाही तर सेंटीमीटर मागतं. भागाकार १०,००० किंवा ०.०००१ आला तर समजा की तीच चूक दोनदा झाली आहे, एकदा एक्स्पोर्ट करताना आणि एकदा इम्पोर्ट करताना.

आणि भागाकार १.१७ असा काही विचित्र आला तर? मग एककांना दोष देऊ नका. एक तर मॉडेल करणाऱ्याने अंदाजाने काढलं आहे, नाही तर ते फोटोंवरून तयार केलेलं स्कॅन आहे. नुसत्या फोटोंवरून बांधलेल्या मॉडेलला आकार कळतो, माप कळत नाही. वस्तू बोटाएवढी की बुरुजाएवढी हे फोटोतून ठरत नाही. त्यावर उपाय एकच: फोटो काढतानाच दोन खुणा करून त्यांच्यातलं अंतर टेपने मोजून ठेवायचं आणि नंतर त्या अंतरावरून सगळं मॉडेल मापाला आणायचं.

कोण कशात मोजतं

गेम इंजिनांपैकी युनिटीमध्ये १ म्हणजे १ मीटर. गोडोमध्येही तसंच. अनरियलमध्ये १ म्हणजे १ सेंटीमीटर. खात्री हवी असेल तर गुरुत्वाकर्षणाचा आकडा पाहा: युनिटीत तो ९.८१ आहे आणि अनरियलमध्ये ९८०. मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरांत ब्लेंडर मीटरमध्ये चालतं, माया सेंटीमीटरमध्ये, आणि थ्री-डीएस मॅक्सचं सिस्टिम युनिट मुळात इंच असतं.

नवख्यांची एक फसगत इथेच सांगतो. ब्लेंडर उघडल्यावर समोर येणारा क्यूब २ मीटर बाजूचा असतो आणि युनिटीचा क्यूब १ मीटरचा. पहिल्याच दिवशी दोन्ही शेजारी ठेवून "माझं स्केल दुप्पट येतंय" असं म्हणणारे मला अनेक भेटले. तिथे काहीही चुकलेलं नसतं.

फाइलचा प्रकारही महत्त्वाचा. ओबीजे आणि एसटीएलमध्ये एकक लिहिलेलंच नसतं, नुसते आकडे असतात, वाचणाऱ्याने हवं ते समजावं. जीएलटीएफमध्ये नियमानेच सगळी अंतरं मीटरमध्ये असतात, त्यामुळे तिथे वाद कमी. एफबीएक्स मात्र मधला प्रकार आहे. त्याचं मूळ माप सेंटीमीटर आहे, पण फाइलच्या सुरुवातीला "इथलं एक म्हणजे इतकं" असं लिहायची सोय आहे. ते कोण लिहितं, कोण वाचतं आणि कोण दुर्लक्ष करतं, यावर निम्म्याहून अधिक तक्रारी उभ्या आहेत.

माप बरोबर दिसतं, पण ट्रान्सफॉर्ममध्ये १०० लिहिलेलं असतं

ट्रान्सफॉर्म म्हणजे वस्तूची जागा, रोटेशन आणि स्केल यांची नोंद. सर्वांत जास्त वेळ खाणारा प्रकार हा, कारण डोळ्यांना काही चुकलेलं दिसतच नाही.

आमच्या गेममध्ये मुलगी नळावर हंडा भरते आणि डोक्यावर घेऊन जिना चढते. हंडा ब्लेंडरमध्ये केला होता, ४५ सेंटीमीटर रुंद, स्केल १, सगळं स्वच्छ. एफबीएक्स केला, युनिटीत आणला, नळाखाली ठेवला. अगदी बरोबर दिसत होता. गेम चालवला, हंडा भरला, उचलायचं बटण दाबलं आणि हंडा नाहीसा झाला. कन्सोलवर एकही चूक नाही. हायरार्कीत (सीनमधल्या वस्तूंच्या यादीत) नाव आहे, मेश (वस्तूचा घडवलेला आकार) आहे, मटेरियल आहे, वस्तू चालू आहे. शेवटी हायरार्कीत हंडा निवडून सीनमध्ये एफ दाबलं. कॅमेरा झपकन मुलीच्या डोक्याशी गेला, केसांच्या आत शिरला, आणि तिथे हंडा होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, साडेचार मिलिमीटरचा.

उचलताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक साधी ओळ होती: हंड्याला डोक्याच्या बिंदूखाली जोडा आणि त्याचं लोकल स्केल १, १, १ करा. ओळ योग्यच होती. पण नळाखाली असताना हंड्याचं स्केल १ नव्हतंच, १०० होतं. इन्स्पेक्टरमध्ये ते लिहिलेलंही होतं, आणि शेजारी रोटेशनमध्ये −८९.९८. हे दोन आकडे एकत्र दिसले की ओळखा: ब्लेंडरच्या एफबीएक्स एक्स्पोर्टचे मूळ पर्याय न बदलता फाइल काढलेली आहे.

आत काय होतं ते समजून घेतलं की पुन्हा अडत नाही. मूळ पर्यायांत ब्लेंडर फाइलच्या सुरुवातीला एकक सेंटीमीटर ठेवतो. आपलं मॉडेल मीटरमध्ये आहे, म्हणून भरपाई करायला तो प्रत्येक वस्तूच्या ट्रान्सफॉर्मवर १०० चढवतो. युनिटी फाइल वाचते, एकक सेंटीमीटर दिसल्यावर मेश ०.०१ पट करते, आणि ट्रान्सफॉर्मवरचे १०० तसेच ठेवते. ०.०१ गुणिले १०० बरोबर १. हिशेब चोख, माप बरोबर, पण तो १०० प्रत्येक वस्तूच्या मानगुटीवर बसून राहतो. मग कोड स्केल १ करतो तेव्हा वस्तू शंभरपट लहान होते, आणि त्या वस्तूखाली दुसरं काही जोडलं, पाण्याचे थेंब, आवाजाचा स्रोत, छोटा दिवा, की त्याच्या मापातही १०० घुसतात.

इलाज ब्लेंडरच्या एक्स्पोर्टच्या खिडकीत आहे. ट्रान्सफॉर्म या भागात अप्लाय स्केलिंग्ज नावाची यादी असते. तिथे ऑल लोकल असेल, ते बदलून एफबीएक्स ऑल करा. एफबीएक्स युनिट्स स्केल निवडलं तरी हे काम होतं. आता मापाची भरपाई वस्तूवर न चढता फाइलच्या सुरुवातीला लिहिली जाते. युनिटीत फाइल निवडल्यावर मॉडेल टॅबमध्ये कन्व्हर्ट युनिट्सच्या शेजारी एक ओळ दिसते. आधी तिथे फाइलमधला १ सेंटीमीटर युनिटीत ०.०१ मीटर अशी नोंद असते, नव्या एक्स्पोर्टनंतर १ मीटरला १ मीटर अशी होते. ती खूण बरोबर आली की झालं. कन्व्हर्ट युनिट्स चालू ठेवा, स्केल फॅक्टर १ राहू द्या. रोटेशनमधले ते −८९.९८ हा अक्षांचा प्रश्न आहे, त्यासाठी त्याच टॅबमध्ये बेक ॲक्सिस कन्व्हर्जन आहे. ब्लेंडरच्या खिडकीतलं अप्लाय ट्रान्सफॉर्म मात्र मी रिग (ॲनिमेशनसाठी घातलेली हाडं) असलेल्या मॉडेलला कधी लावत नाही. ते प्रायोगिक म्हणून दिलेलं आहे आणि हाडं-ॲनिमेशन असलेल्या फाइलींमध्ये ते बिघाड करतं.

नवी फाइल जुन्या नावावर टाकल्यावर एक धक्का बसू शकतो. सीनमध्ये ज्या हंड्यांचं स्केल तुम्ही कधी हाताने बदललं होतं, किंवा जे मूळ मॉडेलपासून तोडून वेगळे केले होते, त्यांच्याकडे जुने १०० जपून ठेवलेले असतात. मेश आता खऱ्या मापाचा झाला आणि वर १०० पट, म्हणजे हंडा ४५ मीटरचा. घाबरू नका, त्या हंड्यांचं स्केल परत १ करा.

कंट्रोल-ए, आणि तो का अडतो

ब्लेंडरमध्ये वस्तू ऑब्जेक्ट मोडमध्ये ताणून मोठी केली की मेश तसाच राहतो, वर नुसता गुणक चढतो. डायमेन्शन्स बरोबर दिसतात, पण स्केलच्या रकान्यात १, १, १ नसतं. एक्स्पोर्टच्या आधी कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करायचं हे सगळ्यांना माहीत असतं. ते का करायचं हे कमी जणांना माहीत असतं. फळी एका दिशेने दहापट ताणलेली असेल तर बेव्हल (कडेला दिलेला उतार) त्या दिशेने दहापट रुंद पडतो. असमान ताणलेल्या वस्तूखाली दुसरी फिरवलेली वस्तू जोडली तर ती तिरकी होते, चौकोनाचा समांतरभुज होतो. गोडोमध्ये असमान स्केल केलेल्या कोलिजन शेपवर पिवळी सूचना येते, आणि ती खरी असते, टक्कर नीट लागत नाही.

चाळीच्या कठड्याचे गज करताना कंट्रोल-ए अडला. एक गज करून ऑल्ट-डीने शंभरेक प्रती काढल्या होत्या. त्या सगळ्या एकच मेश वापरतात, म्हणून ब्लेंडर मल्टी युजर असल्याचं सांगून थांबतो. त्याचंही बरोबर आहे: एका गजाचा मेश बदलला तर बाकी सगळे बदलतील. सगळ्या गजांचं स्केल सारखंच असेल तर सोपं आहे. सगळे निवडा, ऑब्जेक्ट मेनूतल्या रिलेशन्समधून सिंगल युजर करा, स्केल अप्लाय करा, मग एक गज शेवटी निवडून कंट्रोल-एलने बाकीच्यांना पुन्हा त्याचाच मेश जोडा. ही शेवटची पायरी गाळू नका, नाही तर एकाऐवजी शंभर मेश इंजिनात जातील. काही गज आरशातल्यासारखे उलटे केलेले असतील तर स्केल ऋण असतं आणि अप्लाय केल्यावर पृष्ठभाग आतबाहेर होतात. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट-एन दाबलं की ते सरळ होतात.

हाडं असलेलं पात्र

इथे घाई करू नका. पात्राचं स्केल रिग करण्याआधी ठरलं पाहिजे आणि अप्लाय झालं पाहिजे, आर्मेचरचं (हाडांच्या सांगाड्याचं) आणि मेशचं, दोन्हींचं.

अडचण येते ती तयार मिळणाऱ्या पात्रांची. सेंटीमीटरमध्ये केलेलं एफबीएक्स पात्र ब्लेंडरमध्ये आणलं की आर्मेचरवर ०.०१ स्केल बसलेलं दिसतं. आपण सवयीने कंट्रोल-ए करतो. उभ्या पात्राला काही होत नाही. ॲनिमेशन चालवलं की कंबर छताला जाऊन आपटते. कारण असं: चालताना कंबर ४ सेंटीमीटर वरखाली होते, आणि कीफ्रेममध्ये (ॲनिमेशनमधल्या ठरावीक क्षणाच्या नोंदीत) नुसता ४ हा आकडा आहे. आर्मेचरवर ०.०१ होतं तोवर तो ४ म्हणजे ४ सेंटीमीटर होता. अप्लाय केल्यावर हाडं मीटरमध्ये आली, पण कीफ्रेममधला ४ तसाच राहिला, म्हणजे ४ मीटर. अप्लायची आज्ञा कीफ्रेमना हात लावत नाही. फिरण्याच्या कीफ्रेमना काही धक्का बसत नाही, अंश हे अंशच राहतात. बिघडतात फक्त लोकेशनचे कर्व्ह. ग्राफ एडिटरमध्ये तेवढेच निवडा, पिव्हट टू-डी कर्सर ठेवा, कर्सर शून्यावर आणा, आणि एस, वाय, ०.०१. कंबर जागेवर येते. ॲनिमेशन एक-दोन असतील तर हे ठीक आहे, चाळीस असतील तर आर्मेचरचं ०.०१ तसंच राहू द्या आणि इंजिनात इम्पोर्टच्या बाजूने माप जुळवा.

अनरियलमध्ये साध्या, हाडं नसलेल्या मॉडेलना सहसा त्रास नसतो. ब्लेंडरचा १ मीटर तिथे १०० होऊन बरोबर येतो, आणि स्टॅटिक मेश एडिटरच्या कोपऱ्यात अप्रॉक्स साइज लिहिलेला असतो, तो वाचून खात्री करता येते. त्रास स्केलेटल मेशचा, म्हणजे हाडं असलेल्या मॉडेलचा. तिथे मूळ हाडावर १०० स्केल बसू शकतं. पात्र दिसायला ठीक असतं, पण हाताच्या सॉकेटला (वस्तू जोडायच्या बिंदूला) बादली जोडली की बादली खोलीएवढी होते. त्यासाठी मी पात्राची ब्लेंडर फाइल वेगळीच ठेवतो: सीनच्या युनिट्समध्ये युनिट स्केल ०.०१ करायचं, पात्र शंभरपट मोठं करायचं, अप्लाय करायचं आणि मगच हाडं घालायची. असं केल्यावर व्ह्यूपोर्टमध्ये मॉडेल मध्येच कापलेलं किंवा गायब दिसलं तर व्ह्यू टॅबमधला क्लिपचा शेवट वाढवा. मॉडेलला काही झालेलं नसतं.

मोजपट्टी न लावता ओळखायचं कसं

कधी कधी सगळं दृश्यच सारख्या पटीने मोठं असतं, त्यामुळे शेजारी शेजारी सगळं शोभून दिसतं. तेव्हा भौतिकशास्त्र चुगली करतं.

गॅलरीतून हंडा खाली टाकून पाहा. २ मीटरवरून सोडलेली वस्तू ०.६४ सेकंदात जमिनीला लागते. दृश्य दहापट मोठं असेल तर तेच अंतर इंजिनाच्या दृष्टीने २० मीटर होतं आणि पडायला २.०२ सेकंद लागतात. पाहणाऱ्याला हंडा तरंगत, पाण्यात बुडाल्यासारखा खाली येताना दिसतो. यावर गुरुत्वाकर्षण वाढवून ९८ करणारे असतात. मी त्याला सक्त विरोध करतो. गुरुत्वाकर्षण ओढून एक लक्षण झाकलं जातं, पण बाकीचे सगळे मूळ आकडे मीटरच धरून बसलेले असतात. युनिटीच्या कॅरेक्टर कंट्रोलरची पायरी चढायची मर्यादा ०.३ आहे. चाळीच्या जिन्याची पायरी सात इंचांची, म्हणजे १८ सेंटीमीटरच्या आसपास. ती तो सहज चढतो. इमारत फुटांच्या घोळाने ३.२८ पट मोठी आली की तीच पायरी ५८ सेंटीमीटरची होते आणि मुलगी जिन्यापाशी पाय आपटत उभी राहते. लोक तिच्या स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसतात.

उलट बाजूला, वस्तू शंभरपट लहान आली तर ती कॅमेऱ्याजवळ नेल्यावर गायब होते, कारण युनिटीचा कॅमेरा मुळात ०.३ मीटरच्या अलीकडचं काही दाखवत नाही. ती थरथरतेही, कारण टक्कर मोजण्याचं मूळ अंतर ०.०१ मीटर असतं आणि वस्तूच त्याहून लहान असते. प्रकाश बेक करताना (आधीच मोजून चित्रात साठवताना) तास लागत असतील तरी आधी स्केल पाहा. युनिटीत लाइटमॅपचं, म्हणजे त्या चित्राचं, मूळ रिझोल्यूशन एका एककाला ४० टेक्सेल (चित्राचे ठिपके) असतं. ३० मीटरच्या चाळीच्या लांबीला १,२०० पुरतात. शंभरपट चाळीला १,२०,००० लागतात.

व्हीआरमध्ये तर शरीरच मोजपट्टी होतं. दोन डोळ्यांतलं अंतर साधारण ६३ मिलिमीटर असतं, हेडसेट त्यावरून खोली दाखवतं, आणि टेबल दहा टक्के उंच असलं तरी हात पुढे करताच काही तरी खटकतं. व्हीआरसाठी काम करत असाल तर अंदाजाला जागाच नाही.

एक दुखणं स्केलसारखं दिसतं, पण स्केलचं नसतं. ड्रोन सर्व्हेवरून केलेलं किल्ल्याचं किंवा डोंगराचं मॉडेल आणलं की भिंती दातेरी होतात, कडा थरथरतात. माप मोजलं तर बरोबर भरतं. अशा मॉडेलला नकाशावरचे खरे सहनिर्देशक चिकटलेले असतात. मुंबईच्या अक्षांशावर यूटीएम या नकाशाच्या मीटरमधल्या पद्धतीत उत्तरेकडचा आकडा २१ लाख मीटरच्या घरात जातो. इंजिन ज्या ३२ बिटी दशांश संख्या वापरतं, त्यांना एवढ्या मोठ्या आकड्यापाशी १२ ते २५ सेंटीमीटरपेक्षा बारीक फरकच दाखवता येत नाही. स्केल बदलून उपयोग नाही. सर्व्हेच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर काढतानाच सगळ्या बिंदूंतून एक ठरावीक आकडा वजा करून मॉडेल शून्याजवळ आणा, आणि तो आकडा कुठे तरी लिहून ठेवा.

सुधारलं तरी पुन्हा का बिघडतं

माझ्या मशीनवर हंडा बरोबर आणि सहकाऱ्याच्या मशीनवर शंभरपट मोठा, असं दोन दिवस चाललं होतं. फाइल तीच, युनिटीची आवृत्ती तीच. शेवटी कळलं की मॉडेल गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) जात होतं, पण त्याच्या शेजारची मेटा फाइल कुणीतरी वगळण्याच्या यादीत टाकली होती. युनिटीत स्केल फॅक्टर, कन्व्हर्ट युनिट्स, इम्पोर्टचं सगळं काही त्या मेटा फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती गेली नाही की समोरच्याची युनिटी स्वतःची नवी बनवते, मूळ आकड्यांसह. गोडोमध्येही प्रत्येक मॉडेलशेजारी इम्पोर्ट या शेपटीची फाइल असते आणि रूट स्केल तिच्यात असतो. या फाइली कचरा वाटतात, पण त्या मॉडेलइतक्याच जपायच्या.

दुसरं कारण माणसांचं आहे. तिघे जण एक्स्पोर्ट करत असतील तर तिघांच्या खिडकीत तीन वेगळे पर्याय असतात. ब्लेंडरच्या एक्स्पोर्ट खिडकीत वरच्या बाजूला ऑपरेटर प्रीसेट्स आहेत. शेजारच्या अधिक चिन्हावर दाबून आपल्या प्रकल्पाच्या नावाने एक प्रीसेट करा आणि सगळ्यांनी तोच वापरायचा असं ठरवा. आणि दुरुस्ती करायची ती उगमाशी, म्हणजे मॉडेलच्या फाइलमध्ये किंवा एक्स्पोर्टमध्ये. ते हातात नसेल तर इम्पोर्टच्या पर्यायांत. सीनमध्ये वस्तू पकडून ओढायची ती फक्त ती वस्तू खरोखरच लहान-मोठी हवी असेल तर. सीनमध्ये केलेली मापाची डागडुजी त्या एका प्रतीपुरतीच असते, पुढची प्रत ओढून आणली की दुखणं तिच्याबरोबर परत येतं.

आमच्या प्रकल्पात आता मापाची एक वेगळी खोली आहे, एक रिकामा सीन. त्यात १ मीटरचा क्यूब, २.१३ मीटरचा दरवाजा, ४५ सेंटीमीटर उंचीची खुर्ची आणि १८ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या आहेत. नवं मॉडेल आधी त्या खोलीत येतं. ज्याला आकडाच हवा त्याच्यासाठी तिथे एक छोटी स्क्रिप्ट आहे, निवडलेल्या वस्तूच्या रेंडररच्या बाउंड्सची साइज कन्सोलवर छापणारी. सोबत ट्रान्सफॉर्मचं स्केल १ आहे का तेही ती सांगते. दोन्ही बरोबर आले तरच मॉडेल चाळीत जातं.

एवढं करूनही अडलात आणि कुणाला विचारायचं असेल, तर प्रश्नात नुसतं "स्केल चुकतंय" लिहू नका. वस्तू खरी किती हवी, इंजिनात किती भरली, भागाकार किती आला, फाइल कुठल्या प्रकारची आहे, कुठल्या सॉफ्टवेअरमधून आली, आणि ट्रान्सफॉर्मच्या स्केलमध्ये काय लिहिलं आहे, एवढं द्या.